कंपन्यांचे विलीनीकरण आणि माणसांची बोली



देशोदेशींच्या कंपन्यांचे विलीनीकरण, त्यातून उद्भवणारे रीतिभातींचे खटके आणि अशा वेळी वरिष्ठांनी हाताखालच्यांशी कसे बोलावे, हा आजचा विषय आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मनात साहजिकच असे येईल की, हा विषय मुंबईच्या एखाद्या व्यवस्थापन संस्थेत शोभला असता. येरवड्यातील पालकांना आणि मुलांना त्याचे काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधायला मात्र फार लांब जावे लागत नाही.

येरवडा म्हटले की बाहेरगावच्या माणसाला मध्यवर्ती कारागृह आठवते, नाहीतर मनोरुग्णालय. इतिहासाची थोडी गोडी असेल तर १९३२ चा पुणे करार आठवतो. परंतु आपण येथे राहणारे लोक रोज पाहतो ते निराळेच असते. गेल्या पंचवीस वर्षांत विमानतळ रस्त्याच्या दुतर्फा आणि आसपास काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत आपल्याच वस्त्यांतील मुले-मुली संगणकापुढे बसतात, कोणी हिशेब पाहतात, कोणी गाड्या चालवतात, कोणी फाटकावर उभे असतात, कोणी उपाहारगृहात वाढतात. ह्याच रस्त्यावर बजाज आलियान्झ ह्या विमा कंपनीचे मुख्यालय होते. २००१ साली पुण्याचा बजाज समूह आणि जर्मनीची, १८९० साली स्थापन झालेली आलियान्झ ह्यांनी मिळून हा व्यवसाय सुरू केला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे परदेशी भागीदाराला विमा व्यवसायात २६ टक्क्यांहून अधिक हिस्सा घेता येत नसे. पुढे ही मर्यादा २०१५ साली ४९ आणि २०२१ साली ७४ टक्क्यांवर गेली, तरी हा हिस्सा २६ टक्केच राहिला. मार्च २०२५ मध्ये बजाज समूहाने तो दोन्ही विमा कंपन्यांमधील हिस्सा सुमारे २४,१८० कोटी रुपयांना विकत घेण्याचा करार जाहीर केला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपन्यांच्या नावातून 'आलियान्झ' हा शब्द गेला.

चोवीस वर्षांचा संसार आणि मग सामोपचाराने फारकत! भागीदारीच्या व्यवहारात हे काही वाईट उदाहरण नव्हे. परंतु जरा विचार करा. हा व्यवहार ज्या दिवशी वर्तमानपत्रात आला, त्या दिवशी म्युनिकपासून मुंबईपर्यंत त्याची चर्चा कोट्यवधींच्या आकड्यांत झाली असेल. ज्याच्या घरी पॉलिसीचा कागद आहे, त्याचा प्रश्न मात्र साधा होता : माझ्या विम्याचे काय? आणि जो तेथे नोकरी करतो त्याचा प्रश्न त्याहून साधा : उद्यापासून मी कोणाचा माणूस?

हा दुसरा प्रश्न माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. दोन कंपन्यांनी भांडवल घालून तिसरी काढली तर तो संयुक्त उपक्रम. एकीने दुसरीचे भाग विकत घेतले तर तो ताबा. दोघी मिळून एकच कंपनी झाली तर ते विलीनीकरण. वकिलाला आणि हिशेबनिसाला हा भेद महत्त्वाचा वाटतो व तो आहेही. यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला तिन्ही प्रसंगी एकच गोष्ट हवी असते. काय होणार आहे ते कोणीतरी अधिकाराने, त्याला समजेल अशा भाषेत आणि खरे सांगावे. माझे म्हणणे इतकेच आहे की, अशा व्यवहारांत रीतिभातींच्या नावावर जी भांडणे खपतात त्यांतील बरीचशी वास्तविक ह्या न सांगितलेल्या किंवा वेडेवाकडे सांगितलेल्या गोष्टींची असतात.

पुण्याला परदेशी भागीदार काही नवीन नाहीत. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बनवल्या. तो करार १९६९ साली संपला. त्याच टेल्कोचा मोठा कारखाना पुढे पिंपरीला झाला. कोथरूडला १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्सची इंजिने होऊ लागली. त्या काळात परदेशी माणूस येई तो शिक्षकाच्या नात्याने. तो शिकवणार, आपण शिकणार, मुदत संपली की तो जाणार. नाते असमान होते खरे, पण दोन्ही बाजूंना ते ठाऊक होते. त्यामुळे बोलण्यात फारसा गोंधळ नसे.

२००० नंतर वारे फिरले. पुण्याच्या कंपन्या बाहेर जाऊन कारखाने विकत घेऊ लागल्या. मुंढव्याच्या भारत फोर्जने २००४ साली जर्मनीतील एन्नेपेटाल येथील कार्ल डान पेडिंगहाउस ही आर्थिक संकटात सापडलेली फोर्जिंग कंपनी घेतली, आणि तिचे जुने नाव पुसून न टाकता 'सी.डी.पी. भारत फोर्ज' असे जोडनाव ठेवले. ही बाब क्षुल्लक वाटेल. पण ज्याने आयुष्याची वर्षे एका नावाच्या पाटीखाली काढली, त्याला ती पाटी दुसऱ्या दिवशी अर्धी तरी जागेवर दिसणे ह्याला मोल असते.

ह्या साऱ्या प्रकरणांत मला अभ्यासण्याजोगे वाटते ते टाटा मोटर्स आणि देवू ह्यांचे. दक्षिण कोरियातील देवू हा प्रचंड उद्योगसमूह १९९९ साली कोसळला. मोटारींचा व्यवसाय अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे गेला, आणि गुन्सान ह्या बंदराच्या गावी असलेला मालमोटारींचा कारखाना वेगळा काढून विक्रीस ठेवण्यात आला. वर्षाला वीस हजार मालमोटारी काढण्याची त्याची क्षमता होती. टाटा मोटर्सने मार्च २००४ मध्ये तो सुमारे ४६५ कोटी रुपयांना घेतला.

आता गुन्सानच्या कामगाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मूळ मालक बुडालेला. गावात अफवांचे पीक. आणि विकत घ्यायला आलेला कोण, तर भारतातील कंपनी. श्रीमंत देशाने गरीब देशातील कंपनी घ्यावी असा जगाचा रिवाज. येथे उलटे घडत होते. कोरियातील दरडोई उत्पन्न आपल्या कितीतरी पट. 'हे लोक यंत्रे उचलून घेऊन जातील आणि कारखान्याला टाळे लावतील', अशी भीती त्याला वाटली तर त्याला मागासलेला म्हणता येणार नाही. आपण त्याच्या जागी असतो तर आपणही हेच म्हटले असते.

टाटांच्या मंडळींनी येथे एक शहाणपणाची गोष्ट केली. सौदा पुरा होण्याच्या आधीपासून त्यांनी आपली माहितीपत्रके व निवेदने कोरियन भाषेत तयार केली. केवळ बँका आणि वकील ह्यांना न भेटता ते कामगार संघटनेला भेटले, विक्रेत्यांना भेटले, शहराच्या कारभाऱ्यांना भेटले. काही अधिकाऱ्यांनी कोरियन भाषेचे धडे घेतले. कारखाना कोरियन माणसांनीच चालवावा असे ठरवून पूर्वीच्याच प्रमुखाला कायम ठेवले आणि इकडून पाठवली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे. पुढे पिंपरी आणि गुन्सान येथील अभियंत्यांच्या सहकार्यातून 'प्राइमा' ही अवजड मालमोटार आली. ती २००९ साली बाजारात उतरली.

भाषेचे धडे घेतल्याने कोणी कोरियन होत नाही, हे मलाही समजते. पण कोरियन ही अशी भाषा आहे की तिच्यात क्रियापदाचा शेवट समोरच्या माणसाच्या वयाप्रमाणे आणि पदाप्रमाणे बदलतो. आपल्याला हे कळायला अवघड नाही. आपल्याकडे 'ये', 'या' आणि 'यावे' ह्यांत किती अंतर आहे ते शाळकरी पोरही जाणते. वडीलधाऱ्या कामगाराला परक्या मालकाच्या माणसाने त्याच्या भाषेत मानाने नमस्कार केला, तर पुढचे वाक्य दुभाष्याकडून ऐकायलाही तो तयार होतो. इंग्रजीत सुरुवात केली तर त्याच्या मनातली पहिली पाटी लागते ती 'साहेब' ही.

म्हणून तेथे सगळे गोडीगुलाबीने चालले असे मात्र समजू नका. पुढे बोनस आणि भत्ते मूळ वेतनात धरायचे की नाही ह्यावरून तेथील कामगार न्यायालयात गेले, आणि निकालाने कंपनीवर बोजा पडला. कोरियातील अनेक कंपन्यांत हा वाद झाला. चांगले बोलण्याने वेतनाचा प्रश्न सुटत नसतो. त्याने एवढेच होते की भांडण वेतनाचे असेल तर ते वेतनाचेच राहते, 'हे परके लोक आम्हांला लुटायला आले' असे त्याला रूप येत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या मराठी बोलण्यात 'बघू' नावाचा एक शब्द आहे. लग्नाचे स्थळ नाकारायचे असो की उसने पैसे द्यायचे नसोत, आपण 'नाही' म्हणत नाही, 'बघू' म्हणतो. ऐकणाराही समजतो. हाच शब्द कचेरीत येतो. जर्मन अधिकारी विचारतो, 'शुक्रवारपर्यंत आराखडा होईल का?' आपला अभियंता म्हणतो, 'हो, प्रयत्न करतो.' जर्मन वहीत लिहितो : शुक्रवार. आपला माणूस मनात म्हणतो, साहेबांना कळले असेलच की हे काही शुक्रवारी होत नाही. शुक्रवार उजाडतो आणि दोघेही एकमेकांना खोटे ठरवतात. उलट जर्मन माणूस सभेत सर्वांसमोर 'हे चूक आहे' असे सरळ सांगतो. त्याच्या लेखी तो कामाविषयी बोलतो. आपला माणूस घरी जाऊन जेवत नाही, कारण त्याच्या लेखी चारचौघांत त्याची अब्रू गेली. दोघांपैकी कोणीच लबाड नाही. परंतु हे त्यांना सांगायचे कोणी? हे काम वरिष्ठाचे, आणि बहुतेक ठिकाणी वरिष्ठ ते काम शिक्षण विभागाच्या एका दिवसाच्या शिबिरावर सोपवून मोकळे होतात. शिबिरात जेवण चांगले असते, एवढेच मी म्हणेन.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण पाहू, कारण त्याचीही सावली पुण्यावर पडली होती. १९९८ साली जर्मनीची डायम्लर-बेंझ आणि अमेरिकेची क्रायस्लर ह्या दोन बलाढ्य कंपन्यांचे विलीनीकरण झाले. जगाला सांगण्यात आले की हे समान दर्जाच्या दोघांचे मीलन आहे. दोन मुख्यालये, एक स्टुटगार्टला आणि एक डेट्रॉइटजवळ. दोन अध्यक्ष, युर्गन श्रेम्प आणि रॉबर्ट ईटन. पुण्यात मर्सिडीज मोटारी बनवणाऱ्या कंपनीचे नावदेखील त्या काळात डायम्लर-क्रायस्लर इंडिया असे झाले. पण २००० च्या मार्चमध्ये ईटन निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात श्रेम्प ह्यांच्या एका मुलाखतीतून असे बाहेर आले की, क्रायस्लर ही एक शाखा म्हणूनच राहावी असा विचार त्यांच्या मनात पहिल्यापासून होता. समानतेची भाषा अमेरिकन मंडळींनी व्यवहाराला मान्यता द्यावी म्हणून होती.

ताकाला जाऊन भांडे लपवण्याचाच हा प्रकार. भागधारकांनी फसवणुकीचे दावे लावले आणि २००३ साली कंपनीने त्यांतील मोठा दावा ३० कोटी डॉलर देऊन मिटवला. पण डॉलर देऊन मिटला तो भागधारकांचा दावा. क्रायस्लरमधील अभियंता आणि कामगार ह्यांचा दावा कोणत्या न्यायालयात मिटणार होता? जानेवारी २००१ मध्ये क्रायस्लरमधील २६,००० माणसे कमी करण्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यांना मागचे प्रत्येक भाषण आठवले असेल. २००७ साली क्रायस्लरचा ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा एका गुंतवणूक संस्थेला विकून जर्मन मंडळी मोकळी झाली. पुस्तकांतून ह्या प्रकरणाकडे जर्मन शिस्त विरुद्ध अमेरिकन मोकळेपणा असे पाहण्याचा प्रघात आहे. विमानाचा वर्ग, पगारातील तफावत, सभेची पद्धत, सारे त्यात येते आणि ते खोटे नाही. माझे मत मात्र निराळे आहे. 'आम्ही तुम्हांला विकत घेत आहोत, पण तुमच्या कामाचा आम्हांला आदर आहे' असे पहिल्या दिवशी सरळ सांगितले असते, तर अमेरिकन माणूस रागावला असता आणि कामाला लागला असता. 'आपण समान आहोत' असे ऐकल्यावर तो रोज उठून समानता मोजू लागला.

तिसरे उदाहरण पुण्याच्या अधिक जवळचे आहे, आणि त्यात खोट कोणाच्या मनात होती असे म्हणता येत नाही. पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन ही कंपनी तुलसी तांती ह्यांनी १९९५ साली सुरू केली. तिचे मुख्यालय पुण्याचे, पुढे हडपसरला झाले. २००७ साली सुझलॉनने जर्मनीतील हॅम्बुर्गच्या रीपॉवर ह्या कंपनीसाठी फ्रान्सच्या आरेव्हाशी चढाओढ केली आणि दर भागाला १५० युरो मोजून बाजी मारली. वर्तमानपत्रांनी पुण्याच्या कंपनीची पाठ थोपटली. ते योग्यच होते. मोठ्या पवनचक्क्यांचे तंत्र रीपॉवरपाशी होते, आणि स्वस्त उत्पादनाची ताकद सुझलॉनपाशी.

पण ज्याला आपण 'आपली कंपनी' म्हणतो ती जर्मन कायद्याने लगेच आपली होत नाही. तेथे रोजचा कारभार पाहणारे मंडळ वेगळे आणि त्यावर देखरेख करणारे मंडळ वेगळे. मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. दोन हजारांहून अधिक माणसे असतील तर १९७६ च्या कायद्याने निम्म्या जागा त्यांच्या. बाहेरचे छोटे भागधारक शिल्लक असतील, तोवर मोठ्या मालकाला आपल्या फायद्यासाठी कंपनीचे तंत्र किंवा तिची रोकड उचलता येत नाही; उचललीच तर भरपाई द्यावी लागते. त्यामुळे बहुसंख्य भाग हाती येऊनही पुण्याला हॅम्बुर्गच्या व्यवस्थापनाशी परक्यासारखाच, बाजारभावाने व्यवहार करावा लागला. छोट्या भागधारकांना पैसे देऊन बाहेर काढण्याची प्रक्रिया २०११ साली पुरी झाली. तोपर्यंत चार वर्षे गेली होती, मंदी आली होती, आणि कर्जाचा डोंगर वाढला होता. २०१२ साली सुझलॉनला परदेशी रोखे फेडता आले नाहीत. २०१५ साली तीच जर्मन कंपनी, आता सेन्व्हियन ह्या नावाने, सुमारे शंभर कोटी युरोंना विकावी लागली. आणि २०१९ साली सेन्व्हियननेही दिवाळखोरीचा अर्ज केला.

ह्या कहाणीत कर्ज हे मुख्य कारण, ह्याविषयी वाद नाही. तरी मला त्यातून एक वेगळी गोष्ट दिसते. आपल्याकडे उद्योग म्हणजे घर, मालक म्हणजे घरातील वडील, ही समजूत खोल आहे. मालकाने सांगितले की झाले. आपुलकीने 'आता आपण सारे एक कुटुंब' असे म्हणणे आपल्याला चांगले वाटते. जर्मन व्यवस्थापक ते ऐकतो आणि त्याला घाम फुटतो. कारण कंपनीचे तंत्र त्याने विनामोबदला दिले, तर उद्या कायद्याने त्यालाच जबाबदार धरले जाईल. त्याचा नकार हा उर्मटपणा नसतो, त्याच्या देशात त्यालाच इमान म्हणतात. परदेशात जाणाऱ्या आपल्या अभियंत्यांना यंत्रांची माहिती द्यावी त्याआधी ह्या मंडळांची द्यावी, असे माझे मत आहे.

आतापर्यंत मी आपले लोक मालक होऊन बाहेर गेल्याचे सांगितले. परदेशी धन्याच्या घरात आपले लोक गेले, असा एक प्रसंग महाराष्ट्रातील पालकांना आठवत असेल. टाटा ऑइल मिल्स ही १९१७ सालची टाटांची कंपनी. ५०१ बार, हमाम आणि दिवाळीचा मोती साबण तिचाच. १९९३ साली ती हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीन करण्याचे ठरले, आणि लीव्हरचे बहुसंख्य भाग युनिलिव्हर ह्या इंग्रज-डच कंपनीचे. कामगारांनी हरकत घेतली. विशेष म्हणजे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली संघटना लीव्हरच्या कामगारांची होती : नवी माणसे आल्यावर आमचे काय, ही तिची चिंता. १९९४ साली न्यायालयाने विलीनीकरण कायम केले. टाटांच्या माणसांची नोकरी अखंड धरली जाईल व अटी पूर्वीपेक्षा कमी राहणार नाहीत, अशी योजनेतच तरतूद होती. साबण त्याच नावाने दुकानांत राहिले. गिऱ्हाइकाला काही कळलेही नाही. म्हणजे ज्याची नोकरी जाणार अशी भीती सर्वांना होती तोच तेवढा भ्यालेला नव्हता. ज्याच्या घरात पाहुणे येणार होते तोही तितकाच भ्याला होता. नेतृत्व करणारे लोक नेहमी आलेल्यांशी बोलतात, घरच्यांशी बोलायचे विसरतात.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. युरोपात १९७७ पासून असा दंडक आहे की, एखादा उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना कामगारांच्या प्रतिनिधींना वेळेआधी माहिती द्यायची, कारण आणि परिणाम सांगायचे. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात निराळा मार्ग होता : मालकी बदलली तर कामगाराला भरपाई द्या, मात्र नोकरी अखंड राहिली, अटी कमी झाल्या नाहीत आणि पुढच्या मालकाने मागची वर्षे मान्य केली, तर भरपाई नाही. नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही हेच तत्त्व आहे. आणि नुसते भाग विकले गेले, कंपनी तीच राहिली, तर कायद्याच्या दृष्टीने मालक बदललाच नाही. म्हणजे पैशाची सोय आहे, सांगण्याची सक्ती जवळजवळ नाही. सांगायचे की नाही हे वरिष्ठाच्या मनावर राहते.

म्हणूनच माझी खरी काळजी वेगळी आहे आणि ती येथे बोलून दाखवतो. विलीनीकरणाच्या दिवशी प्रमुखांचे पत्र निघते. ते इंग्रजीत असते, संगणकावर येते, आणि ज्यांची नावे कंपनीच्या पगारपत्रकावर आहेत त्यांनाच येते. फाटकावरचा रखवालदार, गाडीचा चालक, सफाईची बाई, उपाहारगृहातील मुलगा हे कंत्राटदाराचे लोक. त्यांना पत्र येत नाही. नवी कंपनी आली की जुने कंत्राट पहिल्यांदा बदलते, आणि ज्याला कोणीच काही सांगितलेले नाही त्याचीच नोकरी पहिल्यांदा जाते. परदेशी आणि देशी ह्यांच्या रीतिभातींवर सभा भरतात, ग्रंथ निघतात. त्याच इमारतीच्या पाचव्या मजल्यावरचा माणूस आणि तळमजल्यावरचा माणूस ह्यांच्यातील अंतर पुण्याहून स्टुटगार्टइतकेच आहे, ह्यावर मी एकही सभा भरलेली पाहिली नाही. आणि हे अंतर कापायला विमानाचे तिकीट लागत नाही. फळ्यावर मराठीत आणि हिंदीत चार ओळी लिहिल्या तरी पुरते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण पाचव्या मजल्यावर जातील, ह्याविषयी मला शंका नाही. तेथे पोहोचल्यावर एखाद्या दिवशी असे पत्र लिहिण्याची पाळी तुमच्यावर येईल. मसुदा झाल्यावर तो आधी लिफ्टने खाली न्या आणि रखवालदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. त्याने विचारलेले प्रश्न पत्रात घाला. ज्याचे उत्तर अजून ठरलेले नाही तेथे 'ठरलेले नाही, अमुक तारखेला सांगू' असे लिहा, आणि त्या तारखेला सांगा. 'काहीही बदलणार नाही' हे वाक्य मात्र लिहू नका; काहीतरी बदलतेच.

आणि पालकहो, तुमच्या घरात कोणी अशा कंपनीत कामाला असेल, कायम असो की कंत्राटी, तर मालकी बदलल्याची बातमी येताच एवढे करा. नेमणुकीचे पत्र शोधून ठेवा. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि त्यात शेवटचा हप्ता कोणी व केव्हा भरला ते पाहून घ्या. नवे पत्र सहीसाठी पुढे आले तर त्यात नोकरीची पहिली तारीख जुनीच लिहिली आहे की नवी, हे आधी वाचा. ग्रॅच्युइटीची वर्षे त्या एका तारखेवरून मोजली जातात. इंग्रजी समजत नसेल तर सही करण्यापूर्वी एक दिवस मागा. येथील शिक्षकवर्गापैकी कोणीही तो कागद वाचून द्यायला तयार होईल, असे मी त्यांना न विचारताच येथून सांगतो.